शेळ्यांमधील माजाचे समकालन

शेळ्यांमधील माजाचे समकालन म्हणजे संप्रेरकांच्या साहाय्याने कळपातील अनेक शेळ्या दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकत्र माजावर आणण्याची पद्धत होय. त्यामुळे रेतनाची आणि पर्यायाने विण्याची वेळ आधी ठरवता येते. कृत्रिम रेतनासाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

शरीरक्रिया

शेळीचे ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचे असते आणि माज २४ ते ४८ तास टिकतो. अंडमोचनानंतर अंडाशयावर पीतपिंड तयार होतो व त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवते. हे संप्रेरक रक्तात असेपर्यंत माज येत नाही. समकालनाच्या सर्व पद्धती याच गोष्टीवर आधारलेल्या आहेत. एकतर बाहेरून प्रोजेस्टेरॉन देऊन ते एकाच दिवशी बंद करतात किंवा पीतपिंडच नष्ट करतात.

पद्धती

प्रोजेस्टेरॉनसदृश औषधात भिजवलेला स्पंज योनिमार्गात ठेवण्याची पद्धत सिडनीचे संशोधक टी. जे. रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये मेंढ्यांवरील कामातून पुढे आणली. भारतात राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने ‘अविकेसिल’ हा देशी स्पंज विकसित केला. स्पंज ९ ते ११ दिवस (जुन्या पद्धतीत १४ दिवस किंवा अधिक) ठेवून दोरीने ओढून काढतात. त्याच सुमारास गाभण घोडीच्या रक्तद्रवापासून मिळणारे ईसीजी हे संप्रेरक टोचतात. बहुतेक शेळ्या पुढील एक ते तीन दिवसांत माजावर येतात. ईसीजी वारंवार दिल्यास शेळीच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन परिणाम घटतो. स्पंज काढताना दुर्गंधीयुक्त स्राव येणे नेहमीचे आहे.

दुसरी पद्धत प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनची. ते स्वस्त असले तरी पक्व पीतपिंड असलेल्या शेळीवरच लागू पडते, म्हणून ११ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा देतात.

औषधांविना जुना उपायही आहे. बोकड काही आठवडे दृष्टिआड व वासाआड ठेवून अचानक कळपात सोडल्यास अनेक शेळ्या माजावर येतात. लहान कळपासाठी हा उपाय आधी करून पाहण्यासारखा आहे.

महाड-पोलादपूरमधील संदर्भ

रायगड जिल्ह्यातील सावित्री खोऱ्याच्या या तालुक्यांत वर्षाला ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेली करडे ओल्या गोठ्यात फुफ्फुसदाह व हगवणीने दगावण्याचा धोका मोठा असतो. शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्याने फेब्रुवारीत भरलेली शेळी नेमकी जुलैमध्ये विते. याउलट २० मे रोजी स्पंज ठेवून ३१ मे रोजी काढला आणि २ जूनच्या सुमारास शेळी भरली, तर वेत ३० ऑक्टोबरच्या आसपास येते. पाऊस तोवर ओसरलेला असतो आणि गर्भकाळाचे शेवटचे महिने हिरव्या चाऱ्यात गेलेले असतात. अडचण मे महिन्याची आहे. त्या वेळी डोंगर करपलेले असतात आणि खंगलेली शेळी औषधाला नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून आधी दोन-तीन आठवडे खुराक द्यावा लागतो.

सगळ्या शेळ्या एकदम माजावर आल्यास नेहमीच्या प्रमाणात ठेवलेला बोकड अपुरा पडतो. घरटी दोन-चार शेळ्या असलेल्या वाडीने मिळून बोकडांची सोय करावी, अथवा कृत्रिम रेतनाची व्यवस्था आधी पाहावी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने महाराष्ट्रात शेळ्यांच्या कृत्रिम रेतनावर काम केले आहे. बकरी ईदसाठी बोकड विकणाऱ्यांचे गणित मात्र दरवर्षी बदलते, कारण ईद सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते आणि कुर्बानीचा बोकड एक वर्षाचा पूर्ण असावा लागतो.

धोके

गायीप्रमाणे शेळीत गर्भ टिकवण्याचे काम पुढे वारेकडे जात नाही. संपूर्ण गर्भकाळ पीतपिंडावरच अवलंबून असतो. म्हणून प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन कोणत्याही महिन्याच्या गाभण शेळीला दिल्यास गर्भपात होतो. बोकड कळपात मोकळा फिरत असेल, तर गर्भतपासणीशिवाय हे औषध देऊ नये.

हे औषध माणसाच्या त्वचेतूनही शोषले जाते. गरोदर स्त्रियांनी आणि दमेकऱ्यांनी त्याला हात लावू नये. शेळ्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रियाच करीत असल्याने ही सूचना औषध आणणाऱ्याने घरी पोहोचवणे आवश्यक आहे. इतरांनीही हातमोजे वापरावेत. उपचार पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करावेत. न व्यालेल्या पाठींना स्पंज बसवताना इजा होऊ शकते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा उपाय सहसा टाळतात.