जन्मताच वाटेकरी : वडिलोपार्जित हक्काची कुळकथा

एकत्र हिंदू कुटुंबात मूल जन्माला आले, की बारशाच्याही आधी ते वडिलोपार्जित जमिनीत वाटेकरी झालेले असते. त्यासाठी बापाने डोळे मिटण्याची वाट पाहावी लागत नाही, मृत्युपत्र लागत नाही, वाटणीपत्रही लागत नाही. इंग्लिश कायद्यात मालक जिवंत आहे तोवर त्याला वारसच नसतो. असते ती फक्त वारस होण्याची आशा. आपल्याकडे बाप जमीन विकायला निघाला, की मुलगा आडवा येतो, ‘ही तुमची एकट्याची नाही’ म्हणतो, आणि कोर्ट त्याचे म्हणणे ऐकून घेते. गावोगावच्या भावकीला तोंडपाठ असलेला हा नियम रूढीत कधीपासून होता ते सांगता येणार नाही. पण त्याला तर्काचा पाया ज्या ग्रंथाने घातला, तो आपल्याला ठाऊक आहे : विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’.

आज बिदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण हे तेव्हाचे कल्याणी, उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी. आपल्या उमरग्याहून ते फार लांब नाही. सहावा विक्रमादित्य तिथे १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे राज्य करत होता आणि त्याच्या पदरी काश्मीरहून आलेला बिल्हणासारखा कवी होता. त्याच काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. ग्रंथाच्या शेवटी त्याने कल्याण नगरी, तिचा राजा आणि स्वतःची विद्वत्ता या तिघांनाही तोड नाही असे अभिमानाने सांगितले आहे. हा अभिमान मला रास्त वाटतो. टीका म्हणून लिहिलेला हा ग्रंथ पुढे आठ-नऊशे वर्षे हिंदुस्थानच्या मोठ्या भागाचा कायदा होऊन राहिला.

वाटणीच्या प्रकरणाला हात घालताना हिस्से कसे पाडायचे हे विज्ञानेश्वर लगेच सांगत नाही. आधी तो विचारतो : मालकी ही चीज आहे तरी काय? ती शास्त्राने सांगितली म्हणून असते, की लोकव्यवहारातच असते? म्हणजे स्वत्व शास्त्रीय की लौकिक? एका बाजूचे म्हणणे असे, की गौतमाने मालकीची साधने मोजून दिली आहेत. वारसा, खरेदी, वाटणी, बेवारस वस्तूचा स्वीकार, सापडलेले धन ही सर्वांसाठी. शिवाय ब्राह्मणाला दान, क्षत्रियाला विजय, वैश्य-शूद्राला श्रमाचा मोबदला. शास्त्राने यादी दिली, त्याअर्थी मालकी शास्त्रातूनच कळते. हाच पक्ष पुढे एक जबर शंका काढतो. मालकी जर नुसती लोकांत दिसणारी गोष्ट असेल, तर चोराच्या हातात वस्तू गेली की ती चोराचीच म्हणावी लागेल. मग ‘माझी वस्तू याने चोरली’ या तक्रारीला अर्थ काय उरला?

विज्ञानेश्वराचे उत्तर मीमांसकाच्या शिस्तीचे आहे. यज्ञातला आहवनीय अग्नी शास्त्रावाचून कळत नाही, कारण त्याचे ‘आहवनीय’पण लौकिक कामाला येत नाही. त्यावर भात शिजेल, पण तो साधा अग्नी म्हणून शिजेल. सोन्याचे तसे नाही. सोन्याने काही विकत घेता येते ते ते सोने आहे एवढ्याने नाही, ते आपले आहे म्हणून. म्हणजे ‘आपलेपण’ हेच व्यवहारात काम करते, म्हणून ते लौकिक. पुढचा मुद्दा त्याहून जोरकस आहे. सरहद्दीपलीकडच्या ज्या लोकांना शास्त्राचे नावही माहीत नाही, त्यांच्यातही खरेदी-विक्री चालते आणि माझे-तुझे असते. मग मालकी शास्त्रातून आली असे कसे म्हणावे? चोरीच्या शंकेचे उत्तरही तो लोकांतूनच देतो. खरेदीने मालकी येते आणि चोरीने येत नाही, हे लोकांनाच माहीत आहे. शास्त्राची यादी ही त्या लोकज्ञानाची नोंद आहे.

या वादाला व्यवहारातली मोठी किंमत होती. मालकी शास्त्रावर अवलंबून असती, तर बापाने निषिद्ध मार्गाने, म्हणजे नको ते दान घेऊन वा नको तो धंदा करून, मिळवलेले धन त्याचे ठरलेच नसते आणि मुलांना त्याची वाटणीही करता आली नसती. लौकिक मानली, की दोष कमावणाऱ्या बापाला लागतो, प्रायश्चित्त त्याने घ्यायचे. मुलांच्या हाती ते धन वारशाने, म्हणजे शुद्ध मार्गाने आलेले असते. मालकी आणि पापपुण्य यांची ही फारकत बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाली, याचे मला फार अप्रूप वाटते. मालमत्तेच्या तत्त्वज्ञानावर बोलताना आपण जॉन लॉकपासून सुरुवात करतो. जमिनीत माणसाने श्रम मिसळले की ती त्याची होते, हे त्याचे १६८९ सालचे प्रतिपादन. झाडे-खुंट तोडून शेत मोकळे करणाऱ्याचे ते शेत आणि ज्याचा बाण आधी लागला त्याची शिकार, हा नियम मनुस्मृतीत लॉकच्या कितीतरी शतके आधी आलेला आहे.

मालकी लोकांतली ठरली, की पुढचा प्रश्न आपोआप येतो. वाटणीमुळे मुलगा मालक होतो, की आधीच मालक असलेल्यांची वाटणी होते? विज्ञानेश्वर दुसरा पक्ष घेतो. वारसा म्हणजे केवळ नात्याच्या बळावर आपले होणारे धन. त्याचे दोन प्रकार : मुलगा आणि नातू यांना मिळणारे विनाअडथळ्याचे, कारण त्यांचा हक्क जन्मानेच लागतो, आणि भाऊ-पुतण्यांना मिळणारे अडथळ्याचे, कारण मधला मालक निपुत्रिक वारल्याशिवाय ते येत नाही. आक्षेप लगेच येतो. नुकत्या जन्मलेल्या बाळाचाही हक्क मानला, तर बापाने यज्ञ करायचा कोणाच्या संमतीने? बायकोला प्रेमाने दागिना द्यायचा कसा? विज्ञानेश्वर बापाला मोकळीक देतो : धर्मकृत्ये, प्रेमाच्या भेटी, कुटुंबाचे पोषण, संकटनिवारण यांसाठी जंगम मालमत्ता तो एकट्याने वापरू शकतो. स्थावराला मात्र मुलांची संमती हवी, कारण जमीन जन्मलेल्यांच्या, अजून न जन्मलेल्यांच्या आणि पोटात असलेल्यांच्याही पोटापाण्यासाठी असते. घरावर खरेच संकट कोसळले, तर एकट्यानेही ती विकावी. आज कोर्टात ‘कुटुंबाच्या गरजेसाठी विक्री’ म्हणून जो बचाव घेतला जातो, त्याचे मूळ इथे आहे. १८५६ साली प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात त्याला इंग्रजी न्यायाची चौकट दिली.

बंगालात जीमूतवाहनाने ‘दायभाग’ लिहून याच्या नेमके उलट मांडले. बाप जिवंत आहे तोवर मालक एकटा बापच; त्याचे स्वत्व मृत्यूने वा संन्यासाने संपले, की मुलांचे सुरू होते. नात्याची व्याख्याही दोघांची वेगळी. जीमूतवाहनाचा सपिंड म्हणजे श्राद्धाच्या पिंडाने जोडलेला. विज्ञानेश्वराचा सपिंड म्हणजे शरीराच्या अंशाने जोडलेला. आईबापांच्या देहाचे अंश ज्याच्यात आले, तो त्यांचा. शरीराचे हे सूत्र ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी लढाई त्याच्याभोवती आहे.

राजाला या विचारात कुठे जागा होती? जैमिनीच्या मीमांसासूत्रांत विश्वजित यज्ञाची चर्चा आहे. या यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. मग सम्राट यजमान असेल, तर त्याने पृथ्वी द्यावी का? मीमांसक म्हणतात, नाही; पृथ्वी सगळ्यांची आहे. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने ‘व्यवहारमयूखा’त हा धागा पुढे नेला. नीलकंठ काशीचा, पण घराणे मूळचे आपल्या पैठणचे. राजाने मुलूख जिंकला, तर हरलेल्या राजाची स्वतःची घरे-शेते तेवढी त्याची होतात. बाकी जमिनीवर त्याला कर घेण्याचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. सगळी जमीन राजाची आणि रयत निव्वळ कसणारी, असे ‘पौर्वात्य’ चित्र रंगवणाऱ्या युरोपीय लेखकांनी हे पान उघडायला हवे होते.

इंग्रज आले आणि टीकांचे कायदे झाले. हेन्री कोलब्रुकने १८१० साली कलकत्त्यात मिताक्षरा व दायभागाचे वारसाप्रकरण इंग्रजीत आणले, आणि संस्कृत न येणारे न्यायाधीश त्या एका भाषांतरावर निकाल देऊ लागले. बंगालला दायभाग, उरलेल्या बहुतेक हिंदुस्थानला मिताक्षरा. आपल्याकडे महाराष्ट्रात मिताक्षरा अग्रस्थानी, तर गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मतभेदाच्या जागी मयूखाचा शब्द वरचढ. मुंबई इलाख्याने एक शहाणपण मात्र दाखवले. १८२७ च्या रेग्युलेशनने ग्रंथाच्या आधी देशरिवाज पाहावा असे ठरवले. मालकी लोकव्यवहारातून कळते म्हणणाऱ्या विज्ञानेश्वराला हे पटले असते. पुढे विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली आणि भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ साली मयूखाच्या आवृत्त्या काढल्या, आणि मूळ ग्रंथ काय म्हणतो हे वकिलांसमोर नीट आले.

कोर्टांच्या हातून सर्वात मोठा अन्याय झाला तो स्त्रीधनाच्या बाबतीत. विज्ञानेश्वराने स्त्रीधनाची व्याख्या कमालीची रुंद केली होती : वारसा, खरेदी, वाटणी, स्वीकार, कोणत्याही मार्गाने आलेले धन हे स्त्रीधनच. प्रिव्ही कौन्सिलने ही व्याख्या मानली नाही. वारशाने आलेल्या मालमत्तेत विधवेला हयातीपुरताच मर्यादित हक्क ठेवला. वारसा मिळालेल्या मुलीला पूर्ण मालकी देण्याची प्रथा मुंबई इलाख्यात टिकली, हे खरे. पण विज्ञानेश्वरालाही मोकळे सोडता येणार नाही. शरीराच्या अंशाचा सिद्धांत मांडून तो म्हणतो, की आईचे अंश मुलीत अधिक, म्हणून आईचे धन मुलीला. बापाचे अंश मुलात अधिक, म्हणून बापाचे धन मुलाला. जन्माने हक्क हे सूत्र त्याने मुलीच्या दाराशी आणले आणि तिथे मोजमाप बदलून थांबवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एप्रिल १९४८ मध्ये हिंदू कोड बिलावर बोलताना या व्यवस्थेच्या मुळालाच हात घातला. बिलात जन्मस्वत्व रद्द करून मिताक्षरेच्या जागी दायभागाचा मार्ग धरला होता, म्हणजे वारसाला मिळेल ते त्याचे स्वतःचे, आणि मुलीलाही वाटा. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे या बिलाची झालेली परवड हे एक मोठे कारण होते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला तो तडजोड होऊन. वडिलोपार्जित मालमत्तेतली पुरुषांची सहदायकी, म्हणजे जन्माने येणारी सामायिक मालकी, त्यात तशीच राहिली. तिचे गणित करून पाहावे. बाप, दोन मुलगे, एक मुलगी. आई आधीच वारलेली. बाप गेला, की त्याचा मानीव हिस्सा, म्हणजे मृत्यूआधी वाटणी झाली असे धरून निघणारा हिस्सा, एक तृतीयांश, आणि तेवढ्याचीच तीन मुलांत वाटणी. प्रत्येक मुलाला नवांतले चार भाग, मुलीला नवांतला एक.

हा अन्याय दूर करण्याचे दोन रस्ते होते. केरळने १९७५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबच मोडीत काढले. आंध्र प्रदेशाने १९८६ साली दुसरा रस्ता घेतला : जन्माने हक्क ठेवायचा, पण मुलीलाही द्यायचा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तोच मार्ग धरला, पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. माझ्या मते ही वगळणूक अक्षम्य होती. जन्माने मिळणारा हक्क लग्नाने कसा जाईल? ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. बाप त्या तारखेला हयात असायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले होते. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात ते मोडून काढले. कारण साधे होते : हक्क जन्माने मिळतो, त्याला बापाच्या मृत्यूच्या तारखेशी देणेघेणे नाही. वरच्याच कुटुंबात आता तिन्ही भावंडांना सारखा एक तृतीयांश मिळतो. यासाठी नवे तत्त्वज्ञान लागले नाही. विज्ञानेश्वराने अर्ध्यावर सोडलेले वाक्य संसदेने पुरे केले.

या हक्काला मर्यादा आहेत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी उघडता येत नाही. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत जन्माने हक्क नसतो, मुलाला नाही आणि मुलीलाही नाही. शिवाय १९५६ नंतर बापाकडून वारसा कायद्याने आलेली स्वकष्टार्जित मालमत्ता मुलाच्या हातात त्याची एकट्याची असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात ठरवले. आजोबांचे म्हणजे सगळे वडिलोपार्जित, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे.

कायद्याने दिलेला हा वाटा मुली पुष्कळदा घरच्या घरीच सोडून देतात. वडिलांचे दिवसकार्य आटोपत नाही तोच हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे येतो, ‘माहेर तुटायला नको’ म्हणून बहिणी सही करतात, आणि नऊशे वर्षांच्या वादातून हाती आलेले एका दुपारी जाते. स्वखुशीने सोडायचे असेल, तर तोही मालकाचाच अधिकार आहे. पण बहिणींनो, सही करण्याआधी सातबारा आणि फेरफार हातात घेऊन स्वतः वाचा, आपला वाटा किती आहे तो वकिलाकडून समजून घ्या, आणि मगच निर्णय करा. भावांनीही तो कागद पुढे करण्याआधी बहिणीला तिच्या हिश्श्याचा आकडा स्पष्ट सांगावा.