शारदासदनातील पहिली विधवा

इसवी सन १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली. परंतु पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने संपुष्टात येई. (पोर्तुगीज अमलाखालील आमच्या सिल्वासास तो लागू नव्हता, ही गोष्ट अलाहिदा.) शिवाय मोकळीक मिळाली तरी तिने राहावयाचे कोठे?

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन हे वसतिगृहयुक्त विद्यालय उघडून त्याचे उत्तर दिले. तेथे दाखल झालेली पहिली विधवा म्हणजे देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाई मुंबईस भावाच्या बिऱ्हाडी राहत होत्या.

पुढल्याच वर्षी सदन पुण्यास गेले. १८९३ साली तेथे मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते असा बोभाटा झाला. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा संताप मी समजू शकतो. परंतु काढून नेलेल्या मुलींनी जावयाचे कोठे?

त्याच वर्षी गोदूबाईंचा विवाह अण्णासाहेब कर्वे यांच्याशी झाला आणि मुरूडकरांनी दांपत्यावर बहिष्कार घातला. अण्णासाहेबांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० साली हिंगण्याच्या माळावर त्याची झोपडी उभी राहिली. गोदूबाईंच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमास वाहून घेतले. केशवपन केलेल्या वेषातच त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडत.