धामण आणि साग

विलायतेंत अ‍ॅश नांवाचा एक वृक्ष आहे. त्याचें लांकूड कठीण खरें, पण त्याहून मोठा गुण हा कीं, तें धक्का सोसतें. धागे लांब व सरळ असल्यामुळें तें वांकतें, सहसा तडकत नाहीं. म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, वल्हीं, गाडीचीं चाकें यांसाठीं तिकडे त्यास मान. हा वृक्ष आपल्या पारिजातकाच्या कुळांतला. परंतु कर्जत-खालापुरच्या रानांत तो नाहीं. त्याचें काम येथें धामण करते.

धामण फालशाच्या जातीची. कावडीचा दांडा चालीबरोबर लवला नाहीं, तर ओझें दुप्पट भासतें. धामणीचें लांकूड असें लवणारें आणि चिवट आहे. औतांच्या दांड्यांनाही तें उत्तम. तरी इतिहासांत तिचें नांव कोण घेतो? इतिहास सागाचा.

सागाच्या अंगांत तेल असतें. वाळवी त्यास सहज लागत नाहीं, आणि ओकाप्रमाणें तो लोखंडी खिळे खात नाहीं. जहाजाला याहून काय हवें? मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें १८१७ सालीं मलबारी सागाचें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि पाण्यावर उभें आहे. मराठ्यांच्या आरमारासही लांकूड लागेच. परंतु रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत असा दंडक आहे कीं, रयतेच्या आंबा-फणसास हात लावूं नये. जीर्ण झाड घेणेंच झालें, तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें.

आगगाडी १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आली, १८६३ सालीं बोरघाट चढली, आणि मुंबईची लांकडाची भूक घाटाच्या पायथ्याशीं येऊन ठेपली. रान राखणें तेव्हां अवश्यच होतें, हें नाकारून चालणार नाहीं. पण १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांत परवानगीवांचून झाड तोडणें गुन्हा ठरला. आज्ञापत्रांत सरकारनें रयतेस विचारावयाचें होतें. आतां रयतेनें सरकारास. एक झाड परसांतलें, दुसरें रानांतलें, हें खरें. तथापि ज्याचें भाताचें रोप राबावांचून होत नाहीं, त्याला रान परसाइतकेंच जवळचें. राब म्हणजे ऐनादि झाडांच्या फांद्या रोपाच्या जागेवर पसरून जाळणें. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतून गाऱ्हाणीं इतकीं आलीं कीं, १८८५ सालीं सरकारास चौकशी-मंडळ नेमावें लागलें. कर्जत तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडे. मंडळाचा अहवाल १८८७ सालीं निघाला. वादाचा मोठा भाग उंची सागाचा नव्हताच. तो राबाच्या फांद्यांचा, सरपणाचा आणि औतापुरत्या लांकडाचा होता.