आयते सोंग, घडवलेले सोंग

व्हिडिओ गेमचा विषय दिवाळी अंकाच्या संशोधन विभागात कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण भूमिका वठवण्याचे, म्हणजे 'रोल-प्लेइंग' प्रकारचे गेम खेळणाऱ्यांत एक वाद बरीच वर्षे चालू आहे. नायक गेम बनवणाऱ्याने तयार करून द्यावा, की नाव-चेहऱ्यापासून खेळणाऱ्याने स्वतः घडवावा? सोंग कोणाचे आणि ते निवडण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न गोदाकाठाला नवा नाही. म्हणून या वादाचा इतिहास आपल्याकडच्या सोंगांच्या शेजारी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न.

या गेमांचे मूळ कागदावरच्या खेळात आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळणारा आपले पात्र आपण उभे करी, असे सर्रास सांगितले जाते. मूळ नियम मात्र वेगळे सांगतात. बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप पाडण्याची ताकद हे पात्राचे सहा गुण. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे, आणि ते टाकायचे काम खेळ चालवणाऱ्या पंचाचे. पडेल तो आकडा स्वीकारून पुढे आपला पेशा निवडायचा. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई कपाळी लेख लिहून जाते असे मानतात. तिच्यासाठी कोरा कागद नि लेखणी ठेवतात. त्या पंचाचे काम सटवाईचेच होते. गुणांचे वाटप स्वतःच्या हाताने करण्याची मुभा खेळाडूला पुढे मिळाली.

कॉम्प्युटरवर हा खेळ आला तेव्हा दोन्ही वाटा शाबूत राहिल्या. 1997 च्या 'फॉलआउट'मध्ये तीन पात्रे तयार दिलेली होती, आणि ती नको असतील तर आपले घडवण्याची सोय होती. 2007 च्या 'द विचर'मध्ये अशी निवड नाही. पोलिश लेखक आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांतला गेराल्ट हाच नायक. त्याचे जुने मित्र, जुनी वैरे, जुनी प्रेमप्रकरणे खेळणाऱ्याला आयती मिळतात. 2023 च्या 'बाल्डर्स गेट 3'मध्ये पुन्हा दोन्ही दारे उघडी आहेत.

आयत्या पात्राची बाजू घेणारे म्हणतात की ठरलेल्या माणसाचीच गोष्ट खोल जाते. घडवलेल्या पात्राची बाजू घेणारे म्हणतात की जगायचे मीच असेन, तर नावही माझे हवे. दोघांचेही म्हणणे खरे आहे. पण सोंग उतरवल्यावर काय, हा प्रश्न दोघेही सहसा विचारत नाहीत.

तो विचारायला पैठणला जावे लागते. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्याच काठी, थोडे वर, एकनाथांचे गाव. नाथांचा काळ 1533 ते 1599. त्यांची भारुडे म्हणजे सोंगांचे भांडारच. जोशी, गोंधळी, वासुदेव, आंधळा, बहिरा आणि महारसुद्धा. ही सगळी आयती पात्रे. गावाने रोज दारात पाहिलेली. नाथांनी ती उचलली आणि त्यांच्या तोंडून अध्यात्म सांगितले. 'जोहार' या भारुडांत तर ब्राह्मण घरातला कवी महाराच्या वाणीने बोलतो, आणि ऐकणाऱ्याला त्या माणसाच्या जागी उभे करतो. सोळाव्या शतकात ही लहान गोष्ट नव्हती. आयत्या पात्राचे सामर्थ्य हेच की जे आपण कधी निवडले नसते, ते आपल्याला व्हावे लागते.

पण 'जोहार'ची रचना नाथांच्या आधी चोखामेळ्याच्या नावावरही आहे. चोखोबा चौदाव्या शतकातले, जन्माने महार. शब्द तोच, वाकून केलेला नमस्कार तोच. फरक इतकाच की नाथांचे ते सोंग होते आणि चोखोबांचे ते जिणे होते. कीर्तन संपल्यावर नाथ नाथच राहत. चोखोबांना उतरवून ठेवता येईल असे त्यात काही नव्हते.

मराठवाड्यात ज्यांना रायरंद म्हणतात, त्या बहुरूप्यांकडे पाहिले की हा पेच आणखी घट्ट होतो. सकाळी फौजदार होऊन दारात दरडावायचे, दुसऱ्या गावी आणखी कोणी व्हायचे, लोकांना हसवायचे आणि मिळेल ती बिदागी घ्यायची. वाटेल ते पात्र घेण्याची मोकळीक याहून मोठी कोणाला असेल? आणि तरी बहुरूपी ही एक जमात आहे, राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत तिचे नाव आहे. हजार रूपे घेणाऱ्याचे स्वतःचे रूप जन्मानेच ठरलेले. सोंगातल्या फौजदाराला लोक हसत. सोंग नसलेल्या बहुरूप्याला मात्र गावकुसाबाहेर पाल ठोकावे लागे.

हे वाचून कोणाला वाटेल की गेमच्या काल्पनिक जगात असले काही नसते. 2009 साली कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' आला. त्यात पात्र घडवताना सहा जन्मकथांपैकी एक निवडावी लागते. त्यांतली एक भूमिगत नगरातल्या बुटक्या माणसांची. त्यांचा समाज जातींत वाटलेला आहे, आणि जातीबाहेरच्यांच्या चेहऱ्यावर जन्मतःच खूण गोंदली जाते. दुसरी कथा शहरातल्या भिंतीआडच्या वेगळ्या वस्तीत राहणाऱ्यांची. केस, नाक, नाव सगळे आपल्या पसंतीचे. पण रस्त्यावरचा माणूस वागवतो ते वस्ती पाहून. हे वाचताना मराठी माणसाला महारवाडा आठवणार नाही, असे होणे कठीण. घडवलेल्या पात्रालाही जग आपले आयते नाव चिकटवते, हे या गेमने प्रामाणिकपणे दाखवले.

नावाचा हा चिकटपणा आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे. 2025 साली बीड जिल्हा पोलीस दलाने नावपट्ट्यांवरून आडनावे काढून फक्त नावे ठेवली. आडनावावरून जात आणि जातीवरून माणूस जोखला जाऊ नये, हा हेतू. गेमच्या भाषेत सांगायचे तर पात्राच्या माहितीतला एक रकाना कोरा केला. त्याने सगळे बदलेल असे कोणी म्हणणार नाही. पण कोरा रकाना ज्याला मिळत नाही त्यालाच त्याची किंमत कळते. गेम सुरू करताना 'नाव टाका' असे येते आणि पुढे कोणी आडनाव विचारत नाही, तेव्हा आमच्याकडच्या एखाद्या पोराला वाटणारे सुख केवळ करमणुकीचे नसते.

म्हणून या वादात मी एका बाजूला उभा राहत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा गेम आणला. तो रोल-प्लेइंग प्रकारातला नव्हे, पण त्याची नायिका आयती आहे. भावाला शोधायला निघालेली राजी. खेळणारा जर्मनीत असो की जपानात, त्याला ही भारतीय मुलगीच व्हावे लागते. हे नाथांच्या वाटेवरचे काम आहे. ज्याला जन्माने मानाची जागा मिळाली, त्याच्या हाती असे परक्याचे सोंग जरूर द्यावे. ज्याला आयुष्यभर दुसऱ्यांनी दिलेलेच पात्र वठवावे लागले, त्याच्यापुढे कोरा कागद ठेवावा, आणि लेखणी या वेळी सटवाईच्या नव्हे, त्याच्या हाती द्यावी.