माहुताचा मुलगा, लांडग्यांचा मुलगा

#थ्रेड

१/ मोगली म्हटले की दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान आठवतो. त्याच्याही अर्धशतक आधी, १९४२ साली, ‘जंगल बुक’ या रंगीत साहसपटात एक हाडामांसाचा मोगली अवतरला होता. तो म्हैसूर संस्थानातला होता. नाव साबू.

२/ साबूचा जन्म १९२४ सालचा, कारापूरचा. वडील महाराजांच्या पदरी माहूत. लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा हत्तीखान्याच्या आश्रयाने वाढला. किपलिंगच्या तूमाईच्या कथेसाठी बालनट शोधत आलेल्या रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या चमूला तो तिथेच गवसला. ‘एलिफंट बॉय’ (१९३७) गाजला आणि साबू विलायतेत राहिला.

३/ पुढचा ‘द ड्रम’ (१९३८) सरहद्दीवर घडतो. त्यात साबू इंग्रजांचा कैवारी राजपुत्र आहे. साम्राज्याची ही उघड भलामण पाहून मुंबईत तीव्र निदर्शने झाली. चौदा वर्षांच्या पोराला त्यात कितपत दोष द्यावा? मला तरी देववत नाही.

४/ युद्धामुळे निर्माता अलेक्झांडर कोर्डाने आपला पसारा अमेरिकेत हलवला. म्हणून ‘जंगल बुक’मधले सिवनीचे अरण्य कॅलिफोर्नियात उभे राहिले! दिग्दर्शक झोल्टान आणि कलादिग्दर्शक व्हिन्सेंट हे अलेक्झांडरचे सख्खे भाऊ. तिघेही हंगेरियन, संगीतकार मिक्लोश रोझाही हंगेरियन. मोगलीची आई मेसुआ आणि शिकारी बुलदेव यांना रंग फासून गौरेतर केलेले. प्रमुख पात्रांत खरा हिंदी माणूस एकटा साबू. चित्रपटाला ऑस्करची चार नामांकने मिळाली.

५/ किपलिंगच्या पुस्तकाचा (१८९४) गाभा म्हणजे कळपाचा कायदा. कोर्डांनी तो बाजूला सारून खजिना, माणसांचा लोभ आणि वणवा यांवर भर दिला. कथा सैल झाली, पण वणव्याचे दृश्य आजही पाहावे असे आहे.

६/ लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या कहाण्या किपलिंगपूर्वीच्या. ठगीचा बंदोबस्त करणारा स्लीमन याने अवधमधील अशा कहाण्यांवर १८५२ मध्ये पुस्तिका काढली होती. पुढे आग्र्याजवळच्या सिकंदरा अनाथालयात दीना सनीचर नावाचा मुलगा आणला गेला. लांडग्यांच्या गुहेत सापडला असे सांगत. तो अखेरपर्यंत बोलू शकला नाही. अशा मुलांपैकी कित्येक मुळातच अपंग म्हणून टाकून दिलेली असावीत, असे अभ्यासक मानतात. पडद्यावरचा मोगली मात्र काही दिवसांतच अस्खलित बोलू लागतो.

७/ सामान्य हिंदी माणसाला अमेरिकन नागरिकत्वाचे दार १९४६ च्या कायद्याने किलकिले झाले. साबूला ते १९४४ मध्येच मिळाले. अमेरिकन हवाईदलात बॉम्बफेकी विमानावरचा तोफची म्हणून तो पॅसिफिकमध्ये लढला आणि ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’चा मानकरी ठरला.

८/ युद्धानंतर ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) सोडला, तर त्याच्या वाट्याला बहुतेक दुय्यम जंगलपट आले. मेहबूब खान यांना ‘मदर इंडिया’तल्या बिरजूसाठी साबू हवा होता. पण आता तो परदेशी नागरिक. जन्मभूमीत काम करण्याचा परवाना त्याला मिळाला नाही. बिरजू सुनील दत्तकडे गेला.

९/ २ डिसेंबर १९६३ रोजी, अवघ्या ३९ व्या वर्षी, हृदयविकाराने साबू गेला. त्याचा शेवटचा चित्रपट, डिस्नेचा ‘अ टायगर वॉक्स’, पुढच्या वर्षी प्रदर्शित झाला. त्यातही सोबतीला वाघ होताच.