निनॉच्का
निनॉच्का : प्रेम आणि राज्यक्रांती यांची सांगड घालणारा अमेरिकन उपहासात्मक विनोदी चित्रपट (१९३९). दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच; पटकथाकार चार्ल्स ब्रॅकेट, बिली वाइल्डर व वॉल्टर राइश. क्रांतीनंतर सरकारजमा झालेले जडजवाहीर विकण्यासाठी पॅरिसला आलेले तीन सोव्हिएट प्रतिनिधी तिथल्या ऐषारामात रमतात, म्हणून त्यांच्यावर देखरेखीसाठी आलेली कर्तव्यकठोर निनॉच्का (ग्रेटा गार्बो) स्वतःच काउंट लेऑन (मेल्विन डग्लस) याच्या प्रेमात पडते. दुकानातील ज्या टोपीला ती भांडवलशाहीच्या ऱ्हासाची खूण ठरवते, तीच पुढे गुपचूप विकत घेते. तर मॉस्कोत तिला मिळालेल्या लेऑनच्या पत्रातील सर्व मजकूर अभ्यवेक्षकाने, म्हणजे सरकारी तपासनिसाने, काळा केलेला असतो. मोठा आशय अशा लहानशा वस्तूंतून सुचविण्याची ही हातोटी ‘लुबिच-स्पर्श’ म्हणून ओळखली जाते. लेऑनच्या विनोदांना न हसलेली निनॉच्का तो खुर्चीवरून कोसळताच खदखदून हसते, आणि गंभीर भूमिकांसाठी ख्यात असलेल्या गार्बोच्या या हसण्याचेच जाहिरातीत भांडवल केले गेले. उपहासाची धार साम्यवादावर अधिक आहे. पॅरिसमधील परागंदा रशियन सरदारवर्गाला त्या मानाने सौम्य चिमटे मिळतात. चित्रपटाला ऑस्करची ४ नामांकने लाभली. त्यावरून सिल्क स्टॉकिंग्ज ही संगीतिका (१९५५) रचली गेली.