मेजरांचं येणं

देवळाली प्रवरेत बोलायला उभं राहिलं की एक खुलासा आधी करावा लागतो. फौजेच्या संदर्भात देवळाली म्हटलं की लोक नाशिकजवळचा देवळाली कॅम्प धरतात. तोफखान्याचं स्कूल तिथं आहे. इंग्रजी बोलीतला वेड लागल्याच्या अर्थाचा एक शब्दही त्याच कॅम्पच्या नावावरून पडला. बोटीची वाट पाहत महिनोन् महिने तिथं पडून राहिलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, असं सांगतात. आपली देवळाली प्रवरेकाठची, राहुरी तालुक्यातली. पण फौजेतून परतलेली माणसं इथंही कमी नाहीत. आपल्या नगरकडं त्यांना हुद्दा न विचारता सगळे ‘मेजर’ म्हणतात. शिपाई म्हणून निवृत्त झालेला माणूससुद्धा पारावर मेजरच असतो.

अशाच एका मेजरांमुळं आजचा विषय सुचला. पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ. ‘सर, एक अर्ज लिहून द्या, इंग्रजीत,’ म्हणून डिस्चार्ज बुक घेऊन माझ्याकडं आले. १९७१ च्या डिसेंबरात ते पश्चिम सीमेवर होते. सात वर्षांची कलर सर्व्हिस संपवून रिझर्व्हवर गेले आणि घरी आले. त्या युद्धासाठीची पदकं १९७३ साली ठरली. पूर्वेकडं लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडं पश्चिमी स्टार, आणि त्या काळात सेवेत असलेल्यांना संग्राम मेडल. मेजरांच्या बुकात संग्राम मेडलची नोंद आहे, स्टारची नाही. प्रजासत्ताकदिनी ते छातीला स्टार लावतात तो बाजारातून विकत आणलेला. मी म्हटलं, ‘बाबा, आता या वयात कशाला?’ ते म्हणाले, ‘बक्षीस मागत नाही सर. माझं येणं आहे.’

मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. हा भेद वर्गात समजावून सांगायला मला एक तास लागायचा. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, येणं घेणाऱ्याच्या बाजूनं उभं असतं. आणि फौजेतली पदकं या दोन जातींची आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. वीरचक्र, महावीरचक्र ही शौर्याची पदकं. ती मिळण्यासाठी वरच्यानं शिफारस लिहावी लागते. मोहिमेचं पदक तसं नाही. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या मुलखात ठरलेल्या पलटणीबरोबर होतात, तर ते तुमचं. पण तसे होतात हे कागद सांगतो, आणि गोची तिथंच आहे.

ही गोची जुनी आहे. किती जुनी, ते पाहायला नगरचा भुईकोट किल्ला पुरेसा आहे. ८ ऑगस्ट १८०३ ला आर्थर वेलस्लीनं, म्हणजे पुढच्या वेलिंग्टननं, नगरच्या पेठेवर शिड्या लावल्या. चार दिवसांत किल्ला पडला. त्या तटावर कॉलिन कॅम्पबेल नावाचा एक गोरा लेफ्टनंट चढला. ते खुद्द जनरलच्या नजरेसमोर घडलं. दुसऱ्या दिवशी वेलस्लीनं त्याला ब्रिगेड मेजर केलं. त्याला अर्ज लिहावा लागला नाही! त्याच हल्ल्यात मद्रासी पलटणींचे देशी शिपाईही होते. तटावर त्यांच्यातलं कोण आधी चढलं, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. (ते इंग्रजांकडून लढले, आपण त्यांची काळजी का करायची, असं कुणी विचारील. आतून शिंद्यांच्या बाजूनं लढले त्यांची तरी नावं आपण कुठं जपली?)

पुढं २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. मग १८१७ ला खडकी, सीताबर्डी, महिदपूर, १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव. एवढ्या लढाया आपल्याच भागात झाल्या. लढलेल्या सामान्य शिपायाला त्यांचं पदक कधी मिळावं? १८५१ साली. असईत वीस वर्षांचा असलेला पोऱ्या तोवर अडुसष्ट वर्षांचा झाला होता.

एवढा उशीर का, याची कथा युरोपातून सुरू होते. स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी वर्षानुवर्षं इंग्रज शिपाई लढले. त्या लढायांसाठी वरच्या अधिकाऱ्यांना सोन्याची पदकं मिळाली, शिपायाला काहीच नाही. पुढं १८१५ ला वॉटर्लू झाली आणि तिचं पदक मात्र सरसकट सगळ्यांना दिलं गेलं. म्हणजे वॉटर्लूच्या आदल्या महिन्यात भरती झालेला पोरगा पदक लावून हिंडतो, आणि सहा वर्षं स्पेनच्या डोंगरात रक्त सांडलेला रिकाम्या छातीनं त्याच्याकडं बघतो. म्हातारे शिपाई धुसफुसत राहिले. रिचमंडचा ड्यूक स्वतः त्या मोहिमेत लढला होता, त्यानं पार्लमेंटात त्यांची बाजू लावून धरली. वेलिंग्टनचा कल विरोधात होता. ज्याच्या हाताखाली ही माणसं लढली, त्यालाच हे पटत नव्हतं! अखेर १८४७ साली हुकूम निघाला. पण अट होती : शिपाई जिवंत पाहिजे, आणि त्यानं स्वतः अर्ज केला पाहिजे. अर्ज हजेरीपटाशी ताडून बघायला अधिकाऱ्यांचं मंडळ बसलं. सुमारे २६ हजार अर्ज आले. तीन दशकांपूर्वीच्या युद्धात लढलेल्यांपैकी जिवंत किती, आणि त्यातल्या कितींना हुकमाची बातमी कळली असेल, तुम्हीच विचार करा.

त्याच पावलावर पाऊल ठेवून १८५१ साली ईस्ट इंडिया कंपनीनं हिंदुस्थानातल्या लढायांचं पदक काढलं. चांदीचं, फितीवर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी. पदकावर साल कोरलं १७९९ ते १८२६, प्रत्यक्षात पहिली पट्टी १८०३ च्या लढाईची. अट तीच. एकूण पदकं गेली ती साडेचार हजारांच्या आसपास. शिंद्यांशी, होळकरांशी, पेशव्यांशी, भोसल्यांशी, नेपाळशी, ब्रह्मदेशाशी झालेली सगळी युद्धं मिळून साडेचार हजार! पट्ट्या एकूण एकवीस. असई आहे, अडगाव आहे, गाविलगड आहे, कोरेगाव आहे. अहमदनगर नाही. नगरच्या तटाखाली लढून पुढच्या कुठल्याच लढाईत नसलेल्या शिपायाला, शंभरी गाठून अर्ज केला असता तरी, काही मिळणार नव्हतं.

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण, तेही आपल्याच जिल्ह्यातलं. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन, इटलीतली सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप नेणारे शिपाई. नदी ओलांडताना कंपनीच्या मुख्यालयातली जवळपास सगळी माणसं पडली. त्यांनी दोन जखमींना एकामागून एक पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित नेलं. मग एकट्यानं परत जाऊन तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन चालेना, तेव्हा हातबॉम्ब वापरले. शेवटी भर गोळीबारात बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांचा रणघोष केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस जून महिन्यात जाहीर झाला, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत. १९११ पर्यंत तो क्रॉस हिंदी शिपायाला खुलाच नव्हता, हे लक्षात घ्या.

जाधवांच्या शौर्याला तोड नाही. पण एक गोष्ट बघा. ते बांधाच्या माथ्यावर उभे होते, आणि मागच्या कंपन्या बघत होत्या. साक्षीदार उरले. १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांग ला इथं तेरावी कुमाऊंची चार्ली कंपनी जवळजवळ संपूर्ण कापली गेली. जे मोजके वाचले त्यांनी मागं येऊन हकिकत सांगितली, तर लोकांचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी बर्फात गोठलेले देह सापडले, हातात शस्त्रं तशीच, तेव्हा ती माणसं खरं बोलत होती हे पटलं. मेजर शैतान सिंगांना परमवीरचक्र मिळालं. तिथं साक्ष मेलेल्यांनी दिली, असंच म्हणावं लागतं.

कागदावर चूक लिहिली गेली तर? २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. कारगिलमध्ये बटालिक भागात ब्रिगेड चालवणाऱ्या ब्रिगेडियर देविंदर सिंगांनी दाद मागितली, आणि २०१० साली वरिष्ठानं त्यांच्याबद्दल लिहिलेले शेरे न्यायाधिकरणानं रद्द ठरवले. ब्रिगेडियरला हे जमतं. शिपायाला वकील कोण देणार?

मुरलीकांत पेटकरांचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे, सिनेमामुळं. सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, नाकारला गेला. २०१८ ला पद्मश्री, आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांचे झाल्यावर. तो खेळाचा सन्मान, युद्धाचा नव्हे, हे मान्य. पण अर्जाचा प्रवास तोच.

तर मेजरांच्या अर्जाकडं परत येतो. इथं बसलेल्या माजी सैनिकांच्या घरच्यांना सांगून ठेवतो, कामाला येईल. जुन्या पदकाचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडं जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं आपल्या नगरलाच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवला तर बरं. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स जोडा. आणि अर्जात शौर्याचं वर्णन करू नका, त्याचा उपयोग नसतो. नंबर, पलटण, तारखा, ठिकाण, एवढंच. बाजारातून आणलेलं पदक लावणं हा गुन्हा केल्यासारखं मेजरांना वाटत होतं. मी सांगितलं, टाकसाळीतून पदकं वेळेवर येत नाहीत म्हणून नोकरीतल्या जवानांनीही ती विकतच घेतली आहेत.

त्यांचा अर्ज दहा ओळींत झाला. सही झाल्यावर ते उठेनात. मग म्हणाले, ‘सर, अजून एक लिहा.’ त्यांच्या शेजारच्या मोर्च्यात एक दोस्त होता, दुसऱ्या तालुक्यातला. तो तिथंच राहिला. त्याच्या घरी त्या स्टारची पेटी कधी पोहोचली का, हे मेजरांनी पन्नास वर्षांत विचारलं नव्हतं. मागच्या दिवाळीत विचारलं, तर त्याच्या बायकोला असं काही पदक असतं हेच माहीत नव्हतं. दोस्ताचा नंबर मेजरांना तोंडपाठ होता.

आम्ही दोघं त्या बाईंकडं जाऊन आलो आणि अर्जावर त्यांचा अंगठा घेतला. दोन्ही अर्ज स्पीड पोस्टानं गेले. एकाची पोच आली आहे, दुसऱ्याची अजून नाही.